तिसरी पुडी

नऊ वर्षं झाली, आणि हे मी अजून एकदाही तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, वडील होते तेव्हा त्यांच्याजवळ तर नाहीच नाही. एक-दोनदा बहिणीला सांगायला म्हणून बसले होते — पण मग कुकरची शिट्टी झाली, कुणाचा तरी फोन आला, आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटलं, यातच काय ते समजायचं. आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही.

मी पावण्याच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये केमिस्ट आहे. राहते कोपरखैरण्याला. डबा घेऊन जाते, दगडाची पूड तपासते, आकडा लिहिते, सही करते, घरी येते. काय काम करता असं कुणी विचारलं तर सांगते, दगडात लोखंड किती आहे ते बघते. लोक 'अच्छा' म्हणतात आणि मुलांच्या शाळेचं विचारतात. बरोबरच आहे, त्यात ऐकण्यासारखं काय आहे?

पण त्या आकड्यावर कुणाचं तरी घर उभं असतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही, आणि का नाही तेही सांगते.

माझे वडील जालन्याकडून आले आणि तुर्भ्याच्या डोंगरात खडी फोडायला लागले. त्यालाही खाणच म्हणायचे. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, ट्रक भरायचा. माप ब्रासात. मुकादम ट्रकवर चढून काठीनं उंची बघायचा, आणि नेमका जिथं ढीग बसका असेल तिथंच काठी रोवायचा. माप रोज थोडं कमी भरायचं. वडील भांडणारे नव्हते. घरी येऊन हातपाय धुवायचे आणि आईला एवढंच म्हणायचे, आज पण काठी खड्ड्यातच लावली त्यानं. मी बीएस्सी झाले, या लॅबला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, तुझं काम नेमकं काय गं? मी म्हटलं, दगड मोजते, अण्णा. ते म्हणाले, "मंग काठी नीट लाव, बाई."

बघा, मी लगेच वडिलांकडे वळले. त्यांच्या आडून बोलायची सवय आहे मला. मुद्द्यावर येते.

थोडं धंद्याचं सांगावं लागेल. जगात लोखंडाचा दगड विकणारे खरे मोठे बोटांवर मोजता येतील एवढेच. खाण त्यांची, तिथून निघणारी रेल्वे त्यांची, बंदर त्यांचं, कधी कधी जहाजसुद्धा त्यांचंच. भाव ठरतो तो त्यांच्या आणि समुद्रापलीकडच्या भट्ट्यांच्या बोलण्यात. आपल्याकडेही त्यांच्या धाकट्या भावंडांसारखे दोन-चार मोठे समूह आहेत. आणि मग उरतात कोकणातले, गोव्यातले छोटे लीजवाले. भाव चढला की यांच्या खाणी चालतात, पडला की बंद. यांच्याकडे ना रेल्वे, ना बंदर. एक टेकडी, दोन पोकलेन, आणि आमचा दगड चांगला आहे, एवढा एकच मुद्दा. माल विकायचा तोही बहुतेक त्या मोठ्यांनाच, कारण परदेशी जहाज भरण्याइतका माल जमवणं यांच्या आवाक्यातलं नाही. शेजारी मोठा, गिऱ्हाईकही तोच, आणि आपली टेकडी कधी सुटते याची वाट बघणाराही तोच. अशा माणसाला आपला मुद्दा सिद्ध करायचा तर लॅबचा कागद लागतो. म्हणजे आम्ही लागतो.

त्याची एक रीत आहे. माल जेट्टीवर भरताना सॅम्पल घेतात, त्याची मैद्यासारखी पूड करतात आणि तीन पुड्या बांधतात. एक विकणाऱ्याच्या लॅबला, एक घेणाऱ्याच्या लॅबला. तिसरीवर लाखेचं सील, दोघांच्या सह्या, आणि ती बाजूला. दोघांचे आकडे जुळले तर तिसऱ्या पुडीला कुणी विचारत नाही. नाही जुळले तर ती अंपायरकडे जाते. अंपायर म्हणजे तिसरी लॅब, जी दोघांनी आधीच कबूल केलेली असते. ती ज्याच्या बाजूनं बोलेल त्याचं खरं. त्यावर अपील नाही.

त्या काळात किनाऱ्यावरच्या बऱ्याच मालाला अंपायर आमची लॅब होती, आणि लॅबमध्ये अंपायरच्या पुड्या माझ्याकडे होत्या. लॅबचे मालक कुलकर्णी सर आलेल्या पाहुण्यांना माझ्या टेबलापाशी आणून सांगायचे, प्रतिभा मॅडमचा हात चोख आहे. मी खाली बघून काम करत राहायचे. पण मला ते आवडायचं. किती आवडायचं हे पुढं कळलं.

आता त्या शुक्रवारकडे येते.

त्या महिन्यात आमची लॅब विकली जायची होती. खाणींचं जे झालं तेच तपासणाऱ्यांचं — जगभर चार-पाच मोठ्या कंपन्या उरल्यात आणि त्या छोट्या लॅबा एकेक करून घेत सुटल्यात. त्यातल्या एकीचा माणूस आठवडाभर लॅपटॉप घेऊन आमच्यात बसला होता. सभ्य माणूस. चहा दिला तरी उठून आभार मानायचा. कुठल्या केमिस्टनं किती टेस्ट केल्या आणि त्यातल्या किती पुन्हा कराव्या लागल्या, याची तो यादी करत होता. पुन्हा केलेल्या प्रत्येक टेस्टला एक फॉर्म. आम्ही चौदा जण होतो. त्यातले किती ठेवायचे ते या फॉर्मांवर ठरणार, असं कँटीनमध्ये बोललं जात होतं. माझ्या नावावर एकही फॉर्म नव्हता.

दुपारी चार वाजता मी ओव्हनमधून ट्रे काढला. ट्रेमध्ये काचेच्या दोन बश्या, दोन्हींत लालसर पूड. एक अंपायरची. विकणारे भिकाजी परब, सावंतवाडीच्या पुढं त्यांची टेकडी. घेणारा म्हणजे एक मोठा समूह, ज्याची खाण परबांच्या टेकडीला लागूनच होती. परबांच्या लॅबनं लोखंड अठ्ठावन्न टक्के सांगितलं होतं, समूहाच्या लॅबनं साडेपंचावन्न. दुसऱ्या बशीत एका व्यापाऱ्याचा माल होता, त्याला नुसता अंदाज हवा होता. आमच्याकडे बशीखाली कागदाची चिठ्ठी ठेवतात, चिठ्ठीवर सॅम्पलचा नंबर. शिवाय प्रत्येक बशीच्या काचेवर तिचा स्वतःचा नंबर कोरलेला असतो, तो रजिस्टरमध्ये लिहायचा, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी अडत नाही. मी तो लिहायचा कधीच सोडून दिला होता. चिठ्ठी असतेच की, कशाला दोनदा?

ट्रे हातात असताना टेबलावरचा फोन वाजला. सर असणार, रिपोर्टसाठी. मी तिकडं बघितलं. कापडी हातमोजा सैल होता, ट्रे कलला, दोन्ही बश्या घसरून एका कोपऱ्यात जमल्या. फुटल्या नाहीत, चिमूटभर पूडही सांडली नाही. फक्त दोन्ही चिठ्ठ्या निसटून फरशीवर पडल्या. मी ट्रे टेबलावर ठेवला, चिठ्ठ्या उचलल्या, आणि बश्यांकडे बघत उभी राहिले. कुठली कुणाची?

काय करायला हवं होतं ते मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दोन्ही बश्या रिकाम्या करायच्या, पुड्यांमध्ये उरलं आहे त्यातून पुन्हा घ्यायचं, पुन्हा दोन तास ओव्हन, आणि तो एक फॉर्म. रिपोर्ट त्या संध्याकाळी सहाच्या ऐवजी सोमवारी गेला असता. आभाळ कोसळणार नव्हतं.

मी रंगावरून ठरवलं.

एका बशीतली पूड जरा गडद होती. दगड जितका चांगला तितकी पूड गडद, असं आमच्या धंद्यातले जुने लोक बोलून जातात. परबांचा दगड नावाजलेला होता, व्यापाऱ्याचा कुठला कोण जाणे. म्हणून गडद बशी परबांची. गंमत बघा — मला वाटत होतं मी त्यांना झुकतं माप देतेय. व्यापाऱ्याच्या दगडात मँगनीज असेल, आणि मँगनीजनं पूड काळवंडते, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. त्या क्षणी आठवलं नाही. की आठवू दिलं नाही? नऊ वर्षांत मला हे नक्की सांगता आलेलं नाही.

आकडे आले. गडद बशी पंचावन्नच्या किंचित वर. फिकट बशी अठ्ठावन्नच्या किंचित वर. फिकट — जी मी व्यापाऱ्याच्या नावावर टाकली होती. परबांच्या लॅबनं सांगितलेला आकडा माझ्यासमोर होता, फक्त भलत्या चिठ्ठीवर. पण गडद बशीचा आकडाही समूहाच्या आकड्याला जवळच होता, म्हणजे तसंही असू शकत होतं, नाही का? असू शकत होतं. सहा वाजायला दहा मिनिटं असताना मी सही केली.

पुढच्या आठवड्यात त्या व्यापाऱ्यानं पेढ्यांचा बॉक्स पाठवला. त्याचा माल त्याला वाटला होता त्यापेक्षा फारच चांगला निघाला होता. बॉक्स सगळ्या लॅबमध्ये फिरला. मी पण एक खाल्ला. नाही म्हटलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

इथवरचं नुसतं आळस आणि भीती. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. हात घसरतो, माणूस चुकतो, पुढच्या वेळी बशीचा नंबर लिहितो. मी नंतर न चुकता लिहिते.

सोमवारी सर म्हणाले, परब गुरुवारी भेटायला येतायत. अपील करता येत नाही हे त्यांना माहीत आहे, पण माणूस साधा आहे, येऊ दे, दोन शब्द समजावून सांगा. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी सॅम्पल रूममध्ये गेले. तिसऱ्या पुडीतली निम्मी पूड आम्ही पुन्हा सील करून तीन महिने ठेवतो, त्यानंतर टाकतो. मी परबांच्या पुडीचं सील फोडलं. कुणाला न सांगता टेस्ट लावली. विरघळवलेल्या पुडीत थेंब थेंब रसायन सोडायचं, शेवटच्या थेंबाला द्रावण जांभळं होतं आणि कळतं, आता थांबायचं. मी थांबले, हिशेब केला. अठ्ठावन्न. पुन्हा केली. अठ्ठावन्न.

म्हणजे मंगळवारी दुपारपासून मला माहीत होतं. शंका नाही, अंदाज नाही — माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण गुरुवारी मी काय केलं ते यावरच तोलायचं आहे.

बुधवारी मी सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. घरी भाजी चिरताना वाक्य जुळवत होते. परबसाहेब, चूक आमच्याकडे झाली, चिठ्ठ्या माझ्या हातून पडल्या. एवढंच. मोजून पाहिलं, एका दमात म्हणता येत होतं.

गुरुवारी ते अकराला आले. सानपाड्याला मेव्हण्याकडे उतरले होते, तिथून रिक्षानं. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, आणि नखांत लाल माती — खाणीवरच्या माणसाची ती कधी जात नाही. माझ्या वडिलांच्या नखांत काळपट असायची. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. सर पाच मिनिटं बसले, चहा मागवला, आणि लॅपटॉपवाल्यानं बोलावलं म्हणून गेले. आम्ही दोघंच राहिलो.

मला वाटलं होतं ते चिडलेले असतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमाल सोडला. आत मुठीएवढा दगड, लालसर, एका बाजूनं चमकणारा. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्याडम, माझो दगड मी वळखतंय. हो आकडो तेचो न्हय."

वाक्य तयार होतं, तोंडात होतं.

मग ते स्वतःच बोलत राहिले. करारात अट होती, एकदा जरी माल छप्पनच्या खाली उतरला तर पुढचा सगळा करार रद्द. दुसरं गिऱ्हाईक जवळपास नाही. समूहाचे लोक कधीपासून टेकडी द्या म्हणून मागं लागलेत, आता द्यावी लागणार. हे सगळं त्यांनी हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. त्यासाठी ते एवढ्या लांब आले नव्हते. त्यांचा एक धाकटा भाऊ होता, वसंत. खाणीवर उभं राहायचं काम वसंतचं, कागदपत्रं यांची. माल न्यायची बार्ज भरायची घाई होती त्या दिवसांत वसंतनं माल पुरा करायला खालच्या थरातली माती मिसळली असेल का, हे त्यांना खात होतं. त्यांनी वसंतला विचारलं होतं. वसंतनं नाही म्हटलं होतं.

"आवशीची शपथ घेता तो," ते म्हणाले. "आता मी कोणाचां खरां मानू? लॅब खोटां कशाक बोलात?"

आणि मग त्यांनी मला सरळ विचारलं. माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, डॉक्टरला विचारावं तसं. "तशी माती मिसळली तर असो आकडो येता काय?"

बघा, काय विचारलं त्यांनी. तुमच्याकडे घोळ झाला का, असं नाही विचारलं. तसं विचारलं असतं तर काय केलं असतं मी? माहीत नाही. त्यांनी विचारलं, मिसळली तर येतो का. आणि शास्त्र म्हणून बघायचं तर मिसळली तर येतोच.

मी म्हटलं, "हो. येऊ शकतो."

झालं. एवढंच आहे ते. दोन-तीन शब्द. त्यातला एकही खोटा नाही. कुणी कोर्टात उभं केलं तरी मी शपथेवर तेच उत्तर देऊ शकते. आणि मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोललेले नाही.

त्यांनी मान हलवली. माझ्या उत्तरानं त्यांचं वय माझ्यासमोर वाढलं असं काही झालं नाही, उगीच कशाला रंगवून सांगू. उलट जरा सुटल्यासारखे झाले. अडकलेलं काहीतरी ठरून गेलं असावं. चहा संपवला. "बरां झालां, तुमी स्पष्ट सांगल्यात," म्हणाले. दगड परत घेतला नाही. जाताना दारातून वळून नमस्कार केला, आणि मीही उठून केला.

का केलं मी असं? लॅबचा सौदा तोंडावर होता. अंपायरनं आपला आकडा मागं घेतला असं कळलं असतं तर सौदा बिघडला असता, चौदा जणांच्या नोकऱ्या होत्या. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. त्यात तथ्यही आहे. पण त्या टेबलापाशी मला चौदा जण आठवले नव्हते. मला आठवत होतं ते, प्रतिभा मॅडमचा हात चोख आहे. मला तेवढं वाक्य हातचं घालवायचं नव्हतं. समूहानं मला काही दिलं नव्हतं, कुणी दबाव आणला नव्हता, त्यांना मी कोण हेही माहीत नसेल. लाच घेऊन केलं असतं तर निदान दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.

आणि एवढ्यावर थांबले असंही नाही. पुढचे तीन महिने होते. सॅम्पल रूमच्या मांडणीवर ती सील फोडलेली पुडी होती, आणि ती असेपर्यंत मी कधीही ती सरांपुढं ठेवून बोलू शकत होते. मी रोज तिच्यावरून जात होते. मी काय करत होते माहीत आहे? दिवस मोजत होते. मुदत संपली की पुडी नियमाप्रमाणे जाणार होती. मला काहीच करावं लागणार नव्हतं.

सॅम्पल रूम रामदासभाऊ बघायचे. पावणे गावातलेच, आगरी, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. आमची लॅब ज्या जमिनीवर आहे तिथं त्यांच्या आजोबांची भाताची शेती होती, हे ते नवीन आलेल्या प्रत्येकाला एकदा सांगायचे. मुदत संपलेल्या पुड्या ते महिनाअखेरीस गोणीत भरायचे. त्या दिवशी परबांची पुडी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, या पुडीचा सील फोडलेला हाय. तुमीच फोडला का? टाकाची का ठेवाची?"

मी मान वर न करता म्हटलं, टाका. ते क्षणभर उभे राहिले. त्यांना काही कळलं होतं का? कळलं असेल तर ते कधी बोलले नाहीत. पुडी गोणीत गेली. माझ्या टेबलावरचा परबांचा दगड मात्र त्यांनी ठेवून घेतला. सॅम्पल रूमचं दार आपोआप मिटायचं, त्याला अडण म्हणून लावला. मी दिवसातून दहा वेळा त्या दगडावरून पाय उचलून आत जायचे. पुढं नव्या कंपनीचे लोक आले, दार असं उघडं ठेवणं नियमात बसत नाही म्हणाले, तेव्हा तो फाटकाजवळच्या कुंडीत गेला.

हो, सौदा झाला. चौदातले नऊ राहिले. मी राहिले, दोन वर्षांनी सेक्शन इन्चार्ज झाले. खोली वेगळी मिळाली.

परबांचं मला जेट्टीवरच्या सॅम्पलरकडून कळत गेलं. मी विचारत नव्हते, तो गप्पिष्ट होता, फोनवर सांगायचा. करार रद्द झाला, वर्षाच्या आत टेकडी समूहाकडे गेली. हे अपेक्षितच होतं. एवढ्या लहान माणसाची टेकडी आज ना उद्या गेलीच असती, असंही म्हणता येतं. मी म्हणूनही पाहिलंय. पण भावाचं? त्यांनी घरात भिंत घातली. भिकाजी वसंतशी बोलेनासे झाले. वसंत समूहाच्या खाणीवर डंपर चालवायला लागला, त्याच टेकडीवर. गावात त्याचं नाव मातीवाला पडलं. आई दोघांच्या मध्ये चार वर्षं जगली आणि गेली. तेव्हा दोघे भाऊ अंगणाच्या दोन टोकांना उभे होते, असं सॅम्पलर म्हणाला. अंत्यविधीचं सामान दोघांनी वेगवेगळं आणलं होतं.

त्या माऊलीच्या शपथेवर वसंत खरं बोलला होता. हे त्याला माहीत होतं आणि मला. आम्हा दोघांना फक्त.

वडील गेले त्याच्या आधी एकदा लॅब बघायला आले होते. मी त्यांना सगळं दाखवलं, ओव्हन, बश्या, तराजू. चहा प्यायलो. जाताना ते सॅम्पल रूमच्या दाराशी थांबले, वाकले, परबांचा दगड उचलून हातात तोलला, अंगठ्यानं पुसला. चांगला दगड हाय, म्हणाले. आणि जागेवर ठेवला. मी हो म्हटलं.

टेकडी मी परत मिळवून देऊ शकले नसते, हे खरं असेल. पण भावाला भाऊ मी परत देऊ शकले असते. पहिल्या महिन्यात, पहिल्या वर्षात, आई होती तोवर. एका फोनाचं काम होतं. परबांचा नंबर त्या वेळी सॅम्पलसोबत आलेल्या कागदावर आहे, कागद माझ्या कपाटात आहे, आणि तो नंबर आता मला पाठ आहे. मी तो कधी लावला नाही. उद्या लावीन असं इथं लिहिलं तर छान दिसेल, पण तुम्ही ते खरं धरू नका. नऊ वर्षांत मी स्वतःला बऱ्यापैकी ओळखते.

त्या टेकडीची सॅम्पल्स अजून येतात. आता समूहाच्या नावानं. गेल्या आठवड्यातही आलं. हाताखालच्या पोरांना देता आलं असतं, मी स्वतः घेतलं, दर वेळी घेते. बशीचा नंबर लिहिला, चिठ्ठी ठेवली, दोन तास वाळवलं. थेंब थेंब सोडत गेले, द्रावण जांभळं झालं, थांबले. अठ्ठावन्न. आकडा लिहिला, सही केली, डब्याची पिशवी घेतली आणि फाटकाबाहेर पडले.

त्या गुरुवारी एका दमात म्हणता येण्यासारखं जे वाक्य माझ्या तोंडात होतं, ते आज इथं ठेवते. परबसाहेब, वसंतनं माती मिसळली नव्हती. चिठ्ठ्या माझ्या हातून पडल्या होत्या.